मुख्याध्यापक कोणत्या बाजूचा?



शाळेच्या बाकावर आम्ही फार दिवस बसलो नाही. तेव्हा मुख्याध्यापकांच्या संघटनेवर आम्ही बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण मजूर आणि मालक यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाशी आमचा परिचय जुना आहे. कारखान्यात त्याला मुकादम म्हणतात.

पुण्याने हा प्रश्न एकदा सोडवून पाहिला आहे. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तेथे जे शिकवीत, तेच आजीव सभासद या नात्याने कारभार पाहत. पगार दरमहा ७५ रुपये आणि वचन २० वर्षांचे! तरीही वेतन आणि बाहेरची कामे यांवरून सभासदांत फाटलेच. १८९० साली टिळक बाहेर पडले. लोक हा तत्त्वांचा कलह म्हणून वाचतात, आणि तो होताच. पण आमच्यासारख्याला त्यात पगाराचा तंटाही दिसतो, आणि त्यात कोणाला कमीपणा आहे असे आम्हांस वाटत नाही.

पुढे शाळा वाढल्या, संस्थाचालक निराळे झाले आणि मुख्याध्यापक नोकर झाला. मात्र हुकमावर सही त्याची! जिल्ह्याजिल्ह्यांत मुख्याध्यापक संघ उभे राहिले ते या अडचणीतून. काही संघ शाळांसाठी प्रश्नपत्रिका छापून देतात. उपयोगी काम आहे. पण छापखाना म्हणजे संघटना नव्हे.

खरी कसोटी निराळी आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा झाला आणि १९८१ साली त्याचे नियम आले. मुख्याध्यापकाची चौकशी निघाली, तर तीन जणांच्या समितीत एक सभासद नेमण्याचा हक्क नियमांनी त्याला दिला. हा सभासद कोणत्याही खाजगी शाळेचा कर्मचारी असला तरी चालतो. आता सांगा, दुसऱ्याच्या भांडणात आपल्या चालकांचा रोष पत्करून कोण येईल? एका गावचे मुख्याध्यापक आमच्या कचेरीत आले होते. नियम त्यांना तोंडपाठ होता. शेजारच्या शाळेतला माणूस मात्र मिळत नव्हता. तो माणूस मिळवून देणे, हे संघाचे काम.

शिक्षकांपासून वेगळा संघ काढावा काय? शिक्षणसंस्था हा 'उद्योग' आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली म्हटले. आणि त्यातील शिक्षक हा 'कामगार' नव्हे, असे १९८८ साली ठरवले. गिरणी आहे, पण गिरणीकामगार नाही, असा हा प्रकार! विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मात्र शिकवणारा मुख्याध्यापकही शिक्षकांच्याच रांगेत मत देतो. आमचे मत विचाराल तर वेगळा संघ जरूर असावा, कारण त्यांची कामे वेगळी आहेत. पण शिक्षकाला विनाचौकशी काढण्याच्या कागदावर आमचा सभासद सही करणार नाही, हा ठराव त्या संघाने पहिल्याच बैठकीत करावा. असा ठराव मांडणारे कोणी सभेत बसले असतील, तर त्यांनी व्याख्यान संपल्यावर आम्हांस जरूर भेटावे.