स्कोअरशीट जपून ठेवा



छावणीत, रेल्वेत, बँकेत नोकरीनिमित्त जयपूरला आलेली आणि आता इथलीच झालेली बरीच मराठी घरं आज या मांडवात आहेत. म्हणून मराठीतच बोला, असा संयोजकांचा आग्रह पडला. खातीपुऱ्यात येऊन आपल्या भाषेत चार शब्द बोलायला मिळताहेत, याचा मनापासून आनंद आहे.

आत्ताच तुमच्या कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा सत्कार माझ्या हस्ते झाला. मी मोठा खेळाडू कधीच नव्हतो. माझी जागा मैदानाच्या कडेला, टेबलावर, स्कोअरशीटसमोर. आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात आणि राजस्थान इथले संघ समोरासमोर येतात, त्यामुळे राजस्थानच्या मुलांचा खेळ मी अगदी हाताच्या अंतरावरून पाहिला आहे. आज मला बोलायचं आहे ते त्या टेबलावरच्या कागदाबद्दल.

ज्यांनी तो कागद नीट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डावीकडे खेळाडूंची नावं, उजवीकडे चढत जाणारे आकडे. मैदानी बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो पडला की भरीव ठिपका, आणि बास्केट तीन गुणांची असेल तर टाकणाऱ्याच्या क्रमांकाभोवती गोल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्याने. खेळाडू मैदानात उतरला की त्याच्या नावापुढे एक छोटी फुली. सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती वर्तुळ. आणि जो मुलगा पूर्ण सामना बाकावर बसून राहिला, त्याच्या नावापुढचा चौकोन कोराच. त्याला मैदान मिळालं नाही, पण तो संघात होता, एवढं तो कागद सांगतो. सामना संपला की पंचांची सही होते. तास-दीड तासाचा सगळा दंगा एका कागदावर उतरलेला असतो.

असे कागद जपले की काय सांगता येतं, ते पाहा. हा खेळ जन्माला आला तो कॉलेजातच. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीत मुलांना छताखाली खेळवायला तो रचला. तेरा नियम, अठरा मुलं, पीचच्या दोन टोपल्या. पहिला सामना १–० असा सुटला. त्या अठरांपैकी डंकन पॅटन पुढे भारतात आला आणि १८९४ मध्ये त्याने इथे हा खेळ आणला. म्हणजे बास्केटबॉल आपल्याकडे यायला तीन वर्षंसुद्धा पुरती लागली नाहीत.

नेस्मिथ स्वतः १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला. तिथल्या संघाचा पहिला सामना ३ फेब्रुवारी १८९९ रोजी झाला आणि तो ते १६–५ असा हरले. नेस्मिथ १९०७ पर्यंत प्रशिक्षक होता. त्याच्या काळात संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेल्यांची संख्या जास्त असलेला तो एकटा, आणि खेळ शोधून काढणाराही तोच! ही नोंद लपवावी असं तिथे कुणाला वाटलं नाही. आज तिथल्या बास्केटबॉल मैदानाला नेस्मिथचंच नाव आहे.

त्याच्या हाताखाली खेळलेला फॉग ॲलन पुढे तिथेच प्रशिक्षक झाला आणि त्याने जवळपास चार दशकं संघ घडवला. १९५२ मध्ये ॲलनच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्या संघात डीन स्मिथ नावाचा एक राखीव गार्ड होता. फारसा मैदानात न येणारा. तो नुसता बघत बसला नव्हता, शिकत होता. पुढे नॉर्थ कॅरोलायनाचा प्रशिक्षक म्हणून त्याने ८७९ सामने जिंकले, आणि १९८२ च्या त्याच्या विजेत्या संघात मायकेल जॉर्डन होता. जॉर्डनचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यापासून नेस्मिथपर्यंतची ही वाट आपल्याला बिनचूक सांगता येते, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी कागद सांभाळला. कोऱ्या चौकोनांची मुलंसुद्धा त्यात सापडतात.

आता आपल्याकडे या.

मुंबईत नागपाड्याला १९२७ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नेबरहूड हाउस उभारलं. याच माणसाने पुढे १९३६ मध्ये समाजकार्याची ती संस्था सुरू केली, जिला आज आपण टाटा इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो. दाटीवाटीच्या त्या वस्तीत मुलांच्या हातात बास्केटबॉल आला. गुलाम अब्बास मुंतसिर तिथले. भारताचे कप्तान झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाड्याच्या पोरांनी मुंबईतल्या कॉलेजांचे संघ वर्षानुवर्षं भरले. जुने लोक ते सामने चहा पिता पिता असे सांगतात की घड्याळातले शेवटचे सेकंदही डोळ्यांपुढे येतात. पण एखाद्या कॉलेजात जाऊन त्या वर्षीचा संघ कोणता, अंतिम सामना किती गुणांनी सुटला, असं विचारा. जिमखान्यात त्या वर्षी चेंडू किती होते हे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मिळेल. ते कुणी खेळवले, ते मिळणार नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

राजस्थानचंही हेच. सेनादलाकडून खेळलेले खुशी राम, १९६७ चे अर्जुन पुरस्कार विजेते, पुढे कोट्याच्या श्रीराम रेयॉन्समध्ये आले. तुमच्या राज्याला या खेळाचं वेड लागलं त्यात त्या एका माणसाचा वाटा फार मोठा. १९७५ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे हनुमान सिंग राजस्थानचेच. त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला, आणि आपल्या पुरुष संघाला त्याच्या पुढे आजवर जाता आलेलं नाही. १९८० मध्ये मॉस्कोला आपण ऑलिंपिकमध्ये खेळलो, तेही एकदाच. हनुमान सिंग त्या संघात होते. एकही सामना जिंकता आला नाही, बारा संघांत बारावे आलो. तरीही आपल्याकडून सर्वाधिक गुण अजमेर सिंग यांनी केले हे आज सांगता येतं, कारण ऑलिंपिकच्या टेबलावर कुणीतरी नीट लिहून ठेवलं. हरलेल्या सामन्यातल्या माणसाची मेहनत अशीच वाचते, दुसरा मार्ग नाही.

या मोठ्या नावांच्या मागे शेकडो कॉलेजांचे संघ आहेत. विद्यापीठाच्या निवड चाचणीला एस.टी.ने गेलेली, स्वतःच्या पैशाने बूट घेतलेली, परीक्षेच्या तोंडावर सामने खेळलेली मुलं. तीन वर्षांत बॅच बाहेर पडते आणि संघाची आठवणही तिच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. नव्या मुलांना वाटतं आपल्यापासूनच सुरुवात झाली. ज्या संघाला आपण कुणाकडून हरलो होतो हे ठाऊक नसतं, त्याला परतफेडीची भूक कुठून लागणार? माझ्या मते आपल्या कॉलेज बास्केटबॉलची मोठी उणीव उंचीची नाही, पैशाचीही नाही. आपण लिहून ठेवत नाही, ही आहे.

म्हणून संघाच्या कप्तानाला माझी विनंती आहे. उद्या एक जाड बांधणीची वही आणा. प्रत्येक सामन्याची तारीख, मैदान, समोरचा संघ, क्वार्टरनिहाय गुण आणि बाराही जणांची पूर्ण नावं तिच्यात लिहा, बाकावरच्यांचीसुद्धा. स्कोअरशीटची प्रत मागून घ्या आणि मागे चिकटवा. हरलेला सामना गाळू नका. मुलींच्या संघाचीही अशीच वही हवी. भारताचं नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमये तुमच्या मुलींना ठाऊक असायला हवी, आणि तुमच्या मुली पुढच्यांना.

जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. त्यांच्याकडे संघाचे फोटो नक्की असतील. मागे नावं लिहून घ्या, सांगणारे आहेत तोवर. प्राचार्यांना विनंती, की ही वही क्रीडा विभागाच्या कपाटात न राहता ग्रंथालयात दाखल व्हावी, क्रमांक घालून. आणि पुढच्या स्नेहसंमेलनात अहवालवाचन होईल तेव्हा तिची पानं वाचून दाखवा. मला बोलावलंत तर ऐकायला मी जरूर येईन.