बँकेचा परवाना आणि आपली ठेव
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



संस्थेच्या निधीचा हिशेब दरवर्षी आपणासमोर मांडला जातो. किती रक्कम जमली, हे सर्वजण विचारतात. ती कोठे ठेवली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. या दुसऱ्या प्रश्नाविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

बँक मुख्यतः ठेवीदारांच्या पैशावर चालते. ठेवीदार मागेल तेव्हा पैसे द्यावे लागतात. दिलेले कर्ज मात्र वर्षानुवर्षे परत येत राहते. या ओढाताणीमुळेच बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. परंतु परवाना म्हणजे हमी नव्हे. 1960 साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर 1962 पासून ठेव विमा सुरू झाला. त्या वेळी मर्यादा 1,500 रुपये होती. 1993 साली ती 1 लाख आणि 2020 साली 5 लाख झाली. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारासाठी असते. शाखा चार असल्या तरी रक्कम एकत्रच धरली जाते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीस खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती बनावट खात्यांआड लपविलेली होती. जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. 5 लाखांवरील रकमेसाठी सामान्य ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंतचे हप्ते ठरले. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरील ठेवींपैकी 80 टक्के रक्कम तर अग्रहक्क भागांत बदलली गेली. आपलीही एक संस्थाच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

काळ बदलत आहे, तसे परवानेही बदलत आहेत. किमान 50 कोटी रुपये नक्त मत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांना लघु वित्त बँक होण्याची वाट 2018 साली खुली झाली. सहारनपूरची शिवालिक बँक 2021 साली त्या वाटेने गेलेली पहिली बँक होय. यात भांडवल उभारणे सोपे होते. मात्र 'एक सभासद, एक मत' हा सहकाराचा नियम राहत नाही. मत भागांच्या प्रमाणात मिळते. दोन्हींत लाभ आहे, दोन्हींत किंमतही आहे. म्हणून असा ठराव सभेपुढे येईल तेव्हा सभासदाने तो वाचून, विचारून मत द्यावे. चहापाणी घेऊन हात वर करणे म्हणजे मत देणे नव्हे.

आमची विनंती एवढीच आहे. निधी एकाच बँकेत ठेवू नये. अर्धा टक्का व्याज जास्त मिळते म्हणून भुलू नये. विद्यार्थ्यांनी बँकेचा वार्षिक अहवाल उघडून थकीत कर्जे किती आणि भांडवल किती, एवढे दोन आकडे तरी आपल्या आईवडिलांना वाचून दाखवावेत. ज्यांच्या घामाचा पैसा आहे, त्यांना तो कोठे आहे हे कळलेच पाहिजे.