भित्तिपत्रकातला आपला ‘ल’



27 फेब्रुवारी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचे भित्तिपत्रक मी संगणकावर तयार केले होते. ते पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, आपल्या गावाच्या नावातला ल हिंदीच्या पुस्तकातल्यासारखा का?’’ ‘तलमडुगु’तले नेमके दुसरे अक्षर! तिच्या वहीतला ल पाकळीचा, माझा दंडाचा.

महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांचा संकेतांक एकच आहे. कोणते दिसेल ते फाँटवर अवलंबून. काही फाँटांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आपले वळण येते. मी ती निवडलीच नव्हती.

यंदाचे पत्रक रिसोग्राफवर छापायचे आहे. अनेक महाविद्यालयांत प्रश्नपत्रिका काढतात, तेच हे जपानी यंत्र. मास्टरवर उष्णतेने बारीक छिद्रे पडतात, तो ड्रमला गुंडाळला जातो आणि छिद्रांतून शाई कागदावर उतरते. तत्त्व सायक्लोस्टाइलचेच. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर प्रभृतींचे ‘शब्द’ हे अनियतकालिक 1950च्या दशकात सायक्लोस्टाइलवरच निघाले. साधन साधे म्हणून भाषा उणी पडली नाही.

यंत्राचा स्वभाव मात्र ओळखावा. एका ड्रमचा एकच रंग. दुसऱ्या रंगासाठी कागद पुन्हा घालावा लागतो आणि छपाई किंचित सरकते. म्हणून एकच अक्षर दोन रंगांत विभागू नये. मराठी ओळ एका रंगात, तेलुगू ओळ दुसऱ्या रंगात ठेवावी. शाई कागदात मुरून वाळते, तेव्हा गुळगुळीत आर्ट पेपर नको. मोठ्या भरीव भागाची शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते. गडद भागात बारीक पांढरी अक्षरे ठेवली, तर अनुस्वार बुजतात. तेलुगूला शिरोरेषा नसते. म्हणून दोन्ही लिप्यांचा आकार नुसत्या आकड्याने नव्हे, डोळ्यांनी जुळवावा.

‘मडुगु’ म्हणजे तेलुगूत डोह. आपल्या गावाचे नाव तेलुगू आहे, याचा आपल्याला संकोच नाही. पण ते मराठीत लिहिताना अक्षर मराठी वळणाचे हवे. इथल्या मुलांना घरी ऐकू येणारी भाषा भिंतीवर क्वचितच दिसते. दिसेल तेव्हा ती त्यांच्या वहीतल्यासारखी दिसावी.

यंदाची पहिली प्रत तपासायला मी त्या विद्यार्थिनीलाच देणार आहे.