आहे का, केवढ्याला, कधी मिळेल?

प्रकाशक, ग्रंथविक्रेते आणि ग्रंथपाल मित्रहो,

मराठी पुस्तकांचा खप घटल्याची चिंता अध्यक्षाने वाहावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज तो मोडतो. ज्याला पुस्तक घ्यायचंच आहे आणि तरीही जो आपल्या संकेतस्थळावरून रिकाम्या हाताने परततो, त्याच्याविषयी बोलतो.

आपलं संकेतस्थळ उघडलं की आधी संस्थापकांचं छायाचित्र, मग पुरस्कार, मग मंत्रिमहोदयांच्या हस्ते झालेले प्रकाशन सोहळे. गिऱ्हाइकाला हवं असतं एवढंच: पुस्तक आहे का, केवढ्याला, कधी मिळेल? त्याऐवजी आपण म्हणतो, आधी नोंदणी करा. पुस्तक दाखवण्याआधी नाव, गाव, फोन विचारणारा दुकानदार अप्पा बळवंत चौकात आठवडाभर टिकला नसता.

खरी अडचण शोधाच्या चौकटीत आहे. खांडेकरांची कादंबरी १९५९ साली आली ती ‘ययाति’ म्हणून. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी व्यक्तिनामं आणि ग्रंथनामंही दीर्घान्त केली. त्या नियमांवर वाढलेला वाचक ‘ययाती’ असं टाइप करतो आणि यंत्र सांगतं, ‘पुस्तक आढळले नाही’. म्हणजे शुद्ध लिहिणाऱ्यालाच शिक्षा! पुलंचं नाव कुणी टिंबं देऊन लिहितो, कुणी जोडून, कुणी सरळ रोमन अक्षरांत. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत ही पर्यायी रूपं भरून ठेवणं हे आपलं काम आहे. संकेतस्थळ बांधणाऱ्या मुलाला खांडेकर ठाऊक असतीलच असं नाही.

दुसरं दुखणं डीटीपीच्या दिवसांतलं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण आपला मजकूर वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टांत बसवलेला. तो संकेतस्थळावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून आपण मजकुराऐवजी पानाचं चित्रच तिथे चढवतो. ते मोबाइलवर वाचता येत नाही, त्यात शोध चालत नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तिथे मुका होतो. ते पान युनिकोडमध्ये नव्याने टंकून घ्यावं. खर्च फार नाही, कंटाळा मात्र आहे. आणि हौशीने केलेली करडी अक्षरं काळी करा. लहान अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ फरक असावा, असं वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. आपल्या वेलांट्या-उकारांना ओळींमध्ये जागाही जास्त लागते.

किमतीबाबत लपवाछपवी नको. टपालखर्च शेवटच्या पायरीवर उगवतो आणि वाचक तिथूनच निघून जातो. ई-कॉमर्ससाठीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार एकूण किंमत तपशिलासह दाखवावी लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. पुस्तक परदेशात पाठवत नसाल तर तसं वरच लिहा, म्हणजे न्यू जर्सीतला मराठी माणूस पत्ता भरत बसणार नाही.

तालुक्याच्या वाचनालयाचा ग्रंथपाल हा तर आपला मोठा ग्राहक. त्याला आवृत्ती, पृष्ठसंख्या, सवलत आणि कोटेशन हवं असतं. समितीपुढे ठेवायला छापता येईल अशी यादी हवी असते. त्याच्यासाठी बहुतेक ठिकाणी एक पानही नाही.

जेकब नील्सन या अभ्यासकाने २००० साली लिहिलं, की पाच जणांकडून वापरून घेतलं तरी बहुतेक दोष उघडे पडतात. दुपारच्या सत्रासाठी पाच ग्रंथपालांनी होकार दिला आहे. त्यांना मोबाइलवर तुमच्या संकेतस्थळावरून एक पुस्तक मागवायला सांगायचं आणि मागे उभं राहायचं. ‘अहो, ते वर उजवीकडे आहे’ असं सांगायची मुभा कुणालाही नाही. ज्यांना आपलं संकेतस्थळ द्यायचं आहे, त्यांनी जेवणाआधी नावं नोंदवावीत.