फुकट आज्ञावली आणि तिच्यासमवेत येणारे आगंतुक

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

दोनशिक्षकी शाळेत संगणक बहुधा एकच असतो. मुलांची नावनिशी, पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते आणि चौथीच्या मुलांनी रंगविलेली चित्रे ही सारी त्या एकाच पेटीत नांदत असतात. अशा शाळेतील एखाद्या शिक्षकास स्नेहसंमेलनाची छायाचित्रे लहान आकाराची करून वर पाठवावयाची असतात. त्यासाठी तो एक फुकट आज्ञावली महाजालावरून उतरवून घेतो, पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चौकटींतील 'नेक्स्ट' हे बटन चार-पाच वेळा दाबतो आणि काम होते. दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडताच मात्र नेहमीच्या पानाऐवजी भलतेच शोधपान समोर येते. वर एक अनोळखी पट्टी बसलेली असते. आणि संगणकात शेकडो दोष सापडले असून पैसे भरल्यास ते दूर होतील, अशी धमकीवजा सूचना कोपऱ्यात लुकलुकू लागते. मुलांनी 'बेडूक' म्हणून शोधले तरी आधी जाहिरातीच पुढे येतात. व्हायरस शिरला, असे म्हणून शिक्षक मोकळा होतो. वस्तुतः चोरवाटेने काहीच शिरलेले नसते. आलेल्या प्रत्येकास पुढच्या दारातून आत घेतलेले असते, आणि तेही संमती देऊन.

ही संमती कशी मिळविली जाते, ते समजून घेणे अगत्याचे आहे. आज्ञावली संगणकावर बसविणाऱ्या फाइलीस इन्स्टॉलर म्हणतात. काही वितरक मूळ इन्स्टॉलरभोवती आपले स्वतःचे वेष्टन चढवितात आणि त्यात इतरांच्या आज्ञावल्या भरतात. अशी परकी आज्ञावली जितक्या संगणकांवर बसेल, तितक्यांचा मोबदला वितरकास मिळतो. म्हणून चौकटींची रचनाच न वाचणाऱ्यास अनुकूल केलेली असते. 'एक्स्प्रेस' अथवा 'रेकमेंडेड' हा पर्याय ठळक, तर 'कस्टम' वा 'ॲडव्हान्स्ड' हा पुसट. परक्या आज्ञावलीपुढील चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली असते. ती काढण्याचे श्रम मात्र वापरणाऱ्याने घ्यावयाचे. याहून कावेबाज प्रकार असा की, मूळ आज्ञावलीच्या करारानंतर हुबेहूब तशीच दुसरी चौकट येते आणि तिच्यातील करार निराळ्याच आज्ञावलीचा असतो. तेथील 'डिक्लाइन' किंवा 'स्किप' हे बटन करड्या रंगाचे असल्यामुळे निकामी भासते. ते दाबले तर सगळेच काम अडेल, अशी भीती अनेकांस वाटते. ती बहुधा निराधार असते. नकार दिला तरी हवी ती आज्ञावली बसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फुकट वस्तू म्हटली की तिच्यात काहीतरी काळेबेरे असणारच, असे पुष्कळ लोक बोलून दाखवितात. हे अन्यायाचे आहे. चित्रकामाची 'गिम्प', चित्रफिती दाखविणारी 'व्हीएलसी' आणि लेखन व हिशेबाची 'लिबरऑफिस' या मुक्त आज्ञावल्या असून त्यांच्या कर्त्यांनी आपले श्रम जगास मोकळे करून दिले आहेत. दोष असतो तो मध्यस्थाचा. 'सोर्सफोर्ज' या नावाजलेल्या वितरणस्थळाने २०१३ साली अशा वेष्टित इन्स्टॉलरची योजना काढली. ती योजना आणि पानावरील फसव्या जाहिरात-बटनांचा उपद्रव यांस कंटाळून गिम्पच्या मंडळींनी त्याच वर्षी नोव्हेंबरात ते स्थळ सोडले. पुढे मे २०१५ मध्ये उघडकीस आले की, त्यांनी सोडलेले पान त्या स्थळाने आपल्या ताब्यात घेऊन गिम्पच्याच नावाने जाहिरातयुक्त इन्स्टॉलर ठेवला होता. मोठा गदारोळ झाला, स्थळास माघार घ्यावी लागली, आणि २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर ती योजनाच बंद करण्यात आली. नाव ओळखीचे आणि स्थळ प्रतिष्ठित असले तरी तेवढ्याने भागत नाही, हे या प्रकरणावरून दिसते. मोठ्या कंपन्याही यास अपवाद नव्हत्या. 'जावा' बसविताना 'आस्क' नावाची पट्टी आधीच खूण करून २०१५ पर्यंत देऊ केली जात असे.

यास्तव आज्ञावली तिच्या कर्त्याच्या घरूनच आणावी. गिम्प डॉट ऑर्ग, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, लिबरऑफिस डॉट ऑर्ग ही ती घरे होत. शोधयंत्रात प्रथम दिसणारे नाव पुष्कळदा पैसे देऊन वर बसविलेले असते, हे ध्यानी ठेवावे. कित्येक वेळा तर काहीच उतरविण्याची गरज नसते. मराठी टंकलेखनासाठी कोठून कोठून आज्ञावल्या आणल्या जातात. परंतु 'मराठी फोनेटिक' हा कळफलक २०१९ पासून विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो जोडला की झाले.

त्यापुढचे काम वाचनाचे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत निरक्षर प्रौढांस अक्षरओळख करून देण्यात आली, ती अंगठ्याच्या जागी सही यावी आणि कागदात काय लिहिले आहे ते सही करणाऱ्यास कळावे म्हणून. पडद्यावरील मजकूर न वाचता 'आय ॲग्री' दाबणारा पदवीधर त्या अंगठ्याहून फारसा पुढे गेला, असे म्हणता येत नाही. मजकूर इंग्रजीत असतो ही अडचण खरी आहे. परंतु मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरून भाषांतर पाहता येते, आणि चौकट कितीही वेळ थांबून राहते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या रचनांचे तेरा प्रकार ठरवून त्यांस मनाई केली. एक पर्याय ठळक करून दुसरा झाकोळणे हा त्यांपैकी एक आहे. कायदा झाला हे योग्यच; पण चौकटीपुढे बसलेला असतो तो शिक्षकच.

आगंतुक आत आलेच असतील, तर ज्या आज्ञावलीबरोबर ते आले ती काढल्याने ते जात नाहीत. प्रत्येकास स्वतंत्रपणे निरोप द्यावा लागतो. सेटिंगमधील आज्ञावल्यांची यादी तारखेप्रमाणे लावावी, म्हणजे त्याच दिवशी आलेली मंडळी एकत्र सापडतात. नंतर ब्राउझरमधील एक्स्टेन्शन आणि शोधयंत्राची निवड तपासावी. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' या सदराखाली अनावश्यक आज्ञावल्या रोखण्याची सोय आहे, ती चालू असल्याची खात्री करावी. दोष दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या त्या लुकलुकत्या सूचनेस मात्र एक पैसाही देऊ नये. आणि मुलांसाठी संगणकावर 'स्टँडर्ड' प्रकारचे निराळे खाते उघडावे. अशा खात्यातून संगणकभर पसरणारी आज्ञावली बसविण्यास मुख्याध्यापकांचा पासवर्ड लागतो. तो पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेला नसावा.