कवींद्रांच्या मुलखात आपलं स्वागत



पटकथालेखन शिकवणारी परिषद कापड्यात भरणार, हे ठरल्यापासून मला नीट झोप नाही. मंडप टिकेल ना, वीज राहील ना, पाहुण्यांच्या ताटात भाकरी गरम पडेल ना, हाच घोर. आज तुम्ही समोर बसलेले दिसलात आणि जीव भांड्यात पडला. स्वागत समितीच्या वतीनं सर्वांचं मनापासून स्वागत करतो.

आमचा मुलूख लहान, पण त्याच्या गोष्टी थोर. महाबळेश्वराला उगम पावलेली सावित्री घाट उतरून पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. घाटमाथ्यावर प्रतापगड. त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय घडलं, ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्याच पोलादपूर तालुक्यातलं उमरठ म्हणजे नरवीर तानाजी मालुसऱ्यांचं गाव. महाडला चवदार तळं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथं ओंजळीत पाणी घेतलं आणि या देशाच्या इतिहासाला वळण लागलं. महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी आमची श्रद्धा आहे.

ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. पण ज्यांच्यासाठी मी हे भाषण तीनदा लिहिलं, ते कवींद्र परमानंद मात्र आज कुणाच्या फारसे ओठांवर नसतात. मूळचे नेवाशाचे, म्हणून नेवासकर. शिवाजी महाराजांच्या हयातीत त्यांचं चरित्र संस्कृतात रचणारा हा कवी. त्यांची समाधी आमच्या पोलादपुरात आहे. महाबळेश्वरला जाणाऱ्या शेकडो गाड्या गावातून रोज पुढे निघून जातात, थांबणारी एखादीच.

मी संस्कृतचा पंडित नाही. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं. स. म. दिवेकरांनी १९२७ साली ‘शिवभारत’ मराठी भाषांतरासह छापलं. योगायोग पाहा, चवदार तळ्याचंही साल तेच. ते पुस्तक मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. आरंभी परमानंद काशीला जातात, गंगेकाठी तिथले पंडित त्यांना शिवाजीराजांची कथा सांगायला विनवतात, आणि मग कथा सुरू होते. म्हणजे गोष्टीच्या आधी कवीनं ऐकणारे बसवले, त्यांच्या मनात उत्सुकता पेरली. पुढे अफजलखानाचं पत्र येतं, त्याला महाराजांचं उत्तर जातं, आणि भेट होते ती नंतर. भेटीत काय होणार हे ठाऊक असूनही प्रत्येक वेळी माझा श्वास अडकतो. प्रसंगांचा क्रम लावणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. एकतीस अध्याय पुरे झाले आणि बत्तिसावा आरंभीच थांबला. समाधीसमोर उभा राहिलो की त्या थांबलेल्या अध्यायाचीच आठवण येते.

आता आपल्या विषयाकडे वळतो. चित्रपटातलं मला कळतं ते एवढंच. उमरठच्या तानाजींची गोष्ट शाहीर तुळशीदासांनी पोवाड्यात गायली, हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीत लिहिली. मग बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट केला आणि १९३३ साली प्रभातसाठी शांतारामबापूंनी त्याच गोष्टीचा बोलपट केला. दहा वर्षांत एकच गोष्ट आधी संवादाविना उभी राहिली आणि मग संवादांसह. शिकणाऱ्या मुलांना याहून चांगला धडा कुठला देणार? घरात मुलाच्या लग्नाची घाई, तेवढ्यात राजाचा सांगावा, आणि बाप लग्न मागे ठेवून निघतो. यात एक शब्दही बोलायची गरज नाही.

आमच्या पिढीला पटकथा हा शब्दही माहीत नव्हता. गावच्या नाटकात मी प्रॉम्प्टर असायचो. मुंबईला गिरणीत असलेले चाकरमानी शिमग्याला गावी येत, त्यांच्या भूमिकांच्या नकला आम्ही वहीतून उतरवून पोस्टानं आधीच धाडायचो. पल्लेदार वाक्य असलं की नट अडखळायचा, आणि मी विंगेत बसून ते पेन्सिलीनं तोडायचो. लिहिण्याचं माझं सगळं शिक्षण तेवढंच. पुण्यात १९६० पासून प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पण आमच्या खोऱ्यातल्या पोरीबाळींना तिथवर पोचता येत नाही, म्हणून तुम्हालाच इथं बोलावलं. आमच्या गोष्टी आजवर बाहेरच्यांनी सांगितल्या, त्यांचे उपकार आहेत. पण २०२१ च्या जुलैत दरडी कोसळल्या, माणसं गेली, घरं गेली, ती रात्र ज्यांनी सोसली त्यांनीच ती कधीतरी लिहावी, असं मला फार वाटतं.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. निवास शाळेच्या वर्गांत आहे, पहाटे गारवा असतो. मोबाइलला रेंज टेकाडावर मिळते. न्हाणीघरं कमी आहेत, तेव्हा भगिनींना आधी जाऊ द्यावं. पडदा म्हणून दोन पांढरी धोतरं जोडून शिवली आहेत. शिवण मधोमध दिसेल, ती गोड मानून घ्यावी.

घराघरानं घोंगड्या, सतरंज्या दिल्या. बचत गटाच्या भगिनी पहाटे चारपासून तांदळाच्या भाकऱ्या थापताहेत, सोबत कुळथाचं पिठलं आहे. तांदूळ शेतकऱ्यांनी नव्या भातातला दिला. एका दुकानदारांनी साखर-चहा दिला आणि नाव घेऊ नका म्हणून बजावलं. जनरेटर, माइक, बाकडी देणारे, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळातले वर्गणीदार, विहिरीवरून पाणी आणणारी पोरं, या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर माझ्या वयाकडे पाहून माफ करावं.

उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापासून टेम्पो पोलादपूरला, कवींद्रांच्या समाधीकडे जाईल. ज्यांना यायचं आहे त्यांनी रात्री जेवणाआधी माझ्याकडे नाव द्यावं. फुलांची टोपली मी बरोबर घेतो आहे.