माजघराचे दार कोणाच्या हाती?



कोकणातील वा देशावरील जुन्या घराचा नकाशा क्वचितच कोणी कागदावर आखलेला असे. परंतु त्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला आपण कुठवर जायचे, हे न सांगता कळत असे. वाटसरू अंगणात थांबे, कामानिमित्त आलेला ओसरीवर टेके, सोयरेधायरे माजघरापर्यंत येत आणि स्वयंपाकघर व देवघर हे घरच्यांचे असे. यांतील काही मर्यादा अन्यायाच्या होत्या आणि त्या गेल्या हे उत्तमच झाले. पण कोणती गोष्ट कोणासमोर बोलावी, हा जो विवेक त्या रचनेत मुरलेला होता, तो टाकून देण्याजोगा खचितच नव्हता.

आज त्याच कुटुंबाचे दुसरे एक घर समाजमाध्यमांवर उभे आहे. फेसबुकवरील खाते हे एक घरच होय. भेद इतकाच की, हे घर दुसऱ्याने बांधलेले आहे आणि कोणते दार उघडे ठेवायचे याचा पहिला निर्णय बांधणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेला असतो. संगणकाच्या परिभाषेत याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. खातेदाराने काहीही न निवडता, त्याच्या वतीने दुसऱ्याने करून ठेवलेली निवड, असा त्याचा सरळ अर्थ आहे. बहुसंख्य खातेदार ही निवड कधीच बदलत नाहीत, हे कंपन्यांना पुरते ठाऊक असते.

या निवडीचा इतिहास उद्बोधक आहे. २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या आवारात जन्मलेले फेसबुक प्रारंभी विद्यार्थ्यांपुरते होते. २००६ च्या सप्टेंबरमध्ये ते सर्वांना खुले झाले. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने आपली व्यवस्था अशी बदलली की, लोकांनी खाजगी म्हणून राखलेली मित्रांची यादीदेखील सर्वांना दिसू लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर ठपका ठेवला आणि २०११ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. मधल्या काळात, मे २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मोजदाद केली, तेव्हा आपली माहिती राखू पाहणाऱ्या खातेदारापुढे ५० कळी आणि १७० हून अधिक पर्याय असल्याचे आढळले, कंपनीचे गोपनीयता धोरण ५,८३० शब्दांचे, म्हणजे घटनादुरुस्त्या वगळता अमेरिकेच्या राज्यघटनेहूनही लांब होते! नव्या खातेदाराचा मजकूर आपोआप जगजाहीर न होता केवळ मित्रांना दिसावा, ही साधी सुधारणा होण्यास २०१४ चा मे महिना उजाडावा लागला. त्याआधी खाते उघडलेल्या अनेकांच्या घराची दारे अजूनही त्या जुन्या पद्धतीनेच सताड उघडी असतील. कारण ती लावायला कोणी गेलेच नाही.

‘ज्याला काही लपवायचे नाही, त्याने भिण्याचे कारण काय?’ असा प्रश्न सरळमार्गी माणसे हमखास विचारतात. हा प्रश्न वरकरणी निर्मळ असला तरी फसवा आहे. खिडकीला पडदा लावणारे कुटुंब घरात काही पाप करीत नसते. मुलीच्या स्थळाची बोलणी, वडिलांचे दुखणे, भावाभावांतील वाटणी यांत लज्जास्पद असे काहीही नाही. तरीही या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने गोपनीयतेला मूलभूत अधिकाराचे स्थान दिले, ते गुन्हे दडवता यावेत म्हणून नव्हे. कोणती गोष्ट कोणाला सांगावी हे ठरविण्याचा अधिकार माणसाच्या प्रतिष्ठेचाच भाग आहे, ही त्यामागील धारणा आहे.

आता प्रत्यक्ष दारांकडे वळू. सर्वाधिक दुर्लक्षित दार म्हणजे मित्रांची यादी. आपली छायाचित्रे कोण पाहते याची चिंता पुष्कळांना असते. आपली मित्रयादी कोण पाहते, हा विचार क्वचितच कोणी करतो. वास्तविक ठगाला हवी असते ती हीच यादी. एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांचे उदाहरण कल्पून पाहावे. त्यांचे नाव आणि छायाचित्र उचलून ठग दुसरे खाते उघडतो, यादीतील प्रत्येकाला मैत्रीचा निरोप धाडतो आणि आठवड्याभरात सरांच्या नावे पन्नास विद्यार्थ्यांना संदेश जातो की, तातडीची निकड आहे, वीस हजार पाठव, उद्या परत करतो. जो विद्यार्थी सरांचा शब्द खाली पडू देत नाही, तोच नेमका बुडतो. ‘परिचित सीआरपीएफ अधिकाऱ्याची बदली झाली आहे, त्याचे घरातील सामान स्वस्तात मिळते आहे’ हा या ठगीचाच दुसरा अवतार देशभर अनेकांनी अनुभवला. येथे लुटली जाते ती रक्कम, पण वापरली जाते ती आयुष्यभर कमावलेली पत. मित्रयादी दिसण्याचा पर्याय ‘ओन्ली मी’ असा ठेवल्यास हे काम ठगाला बरेच अवघड होते. पूर्ण अशक्य मात्र होत नाही. कारण उभयतांचे सामायिक मित्र दिसतच राहतात.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची आहे. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनी, शाळेतील जुन्या मैत्रिणींना शोधता यावे म्हणून खात्यावर माहेरचे नावही लिहितात. भावना अगदी स्वाभाविक आहे. परंतु बँका आणि ईमेल सेवा ओळख पटविण्यासाठी वर्षानुवर्षे जे प्रश्न विचारीत आल्या, त्यांत ‘आईचे माहेरचे नाव काय?’ हा ठरलेला असे. आईच्या खात्यावर माहेरचे आडनाव, मुलाच्या खात्यावर आईशी जोडलेले नाते, जन्मदिनाच्या शुभेच्छांत जन्मतारीख आणि शाळेच्या स्नेहमेळाव्याच्या छायाचित्रात दहावीचे वर्ष! प्रत्येक तुकडा निरुपद्रवी. चारही एकत्र केले की किल्ली तयार. यावर उपाय माहेरचे नाव पुसणे हा नव्हे. जन्मवर्ष आणि नातेसंबंध यांच्यापुढील पर्याय ‘ओन्ली मी’ किंवा ‘फ्रेंड्स’ करावा, आणि अशा सुरक्षाप्रश्नाचे उत्तर खरेच असले पाहिजे असा काही दंडक नाही, हेही ध्यानी ठेवावे. उत्तर स्वतःच्या लक्षात राहिले म्हणजे पुरे.

तिसरे दार ‘टॅग’चे. लग्नसमारंभातील छायाचित्र केवळ मित्रांपुरते ठेवले आणि त्यात वीस जणांची नावे जोडली, तर सामान्यतः त्या वीस जणांच्या मित्रमंडळींनाही ते दिसू लागते. प्रत्येकाचे तीनशे मित्र धरले तरी संख्या सहा हजारांपर्यंत पोहोचते. अनेक लग्नांच्या मांडवातही एवढी पाने उठत नाहीत. आपले नाव जोडलेला मजकूर आपल्या पानावर येण्यापूर्वी परवानगी विचारली जावी, अशी सोय सेटिंगमध्ये आहे. ती चालू करावी. तसेच, आज नियम बदलला म्हणून कालचा मजकूर आपोआप झाकला जात नाही. त्यासाठी जुना मजकूर एकदम मित्रांपुरता मर्यादित करणारा स्वतंत्र पर्याय दिलेला आहे.

भारतीय स्त्रियांचा अनुभव या संदर्भात विशेष बोलका आहे. आपले छायाचित्र कोणी उचलील या भीतीने असंख्य भगिनी खात्यावर फुलांचे वा देवाचे चित्र लावीत. हे ध्यानी आल्यावर कंपनीने जून २०१७ मध्ये छायाचित्राला संरक्षण देणारी सोय प्रथम भारतातच आणली, आणि मे २०२० मध्ये संपूर्ण प्रोफाइलला कुलूप लावण्याची सुविधा येथे सुरू केली. एका कळीसरशी छायाचित्रे आणि मजकूर परक्यांपासून झाकला जातो. सोय चांगली आहे, जरूर वापरावी. मात्र कुलूप दाराला असते. आत घेतलेल्या माणसाला नव्हे. ज्याला ओळखीवाचून ‘फ्रेंड’ म्हणून स्वीकारले, तो कुलपाच्या आतच बसलेला असतो.

सार्वजनिक कार्य करणाऱ्यांना येथे एक रास्त अडचण भासेल. रक्तदान शिबिराची सूचना किंवा व्याख्यानाचे निमंत्रण जगाला दिसलेच पाहिजे. मग खात्याला कुलूप कसे लावावे? त्यांनी लावू नये. प्रत्येक मजकुराच्या वेळी प्रेक्षक निवडण्याची कळ असतेच. शिबिराची सूचना ‘पब्लिक’ आणि नातवाचे बारसे ‘फ्रेंड्स’, एवढा भेद पुरतो. फक्त एक खोच आहे. एकदा ‘पब्लिक’ निवडले की पुढच्या मजकुरालाही तोच पर्याय बहुधा चिकटून राहतो. शिबिरानंतर बारसे टाकताना कळ पुन्हा पाहावी लागते.

येथवर जी चर्चा झाली ती प्रत्येकाने स्वतःच्या घराची काळजी घेण्याविषयी. पण गोपनीयता ही निव्वळ वैयक्तिक बाब आहे, ही समजूतच मुळात अपुरी आहे. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघडकीस आले. व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक अ‍ॅप लोकांनी घेतले आणि त्यांच्यासोबत त्यांच्या मित्रांचीही माहिती बाहेर गेली. जगभरात ८ कोटी ७० लाख खात्यांना झळ पोहोचली असावी, असे फेसबुकने स्वतःच सांगितले. भारतापुरता तिचा आकडा असा होता : ते अ‍ॅप प्रत्यक्ष घेतलेले ३३५; ज्यांची माहिती जाण्याची शक्यता होती असे ५ लाख ६२ हजारांहून अधिक. या लाखो लोकांनी कोणतीही चूक केली नव्हती. त्यांच्या येथल्या वा परदेशातल्या कोणा मित्राने एक कळ दाबली होती, इतकेच. मित्रांच्या माहितीपर्यंत अ‍ॅपला पोहोचू देणारी ती वाट कंपनीने २०१५ पर्यंत बंद केली, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

दूरध्वनी क्रमांकांचीही तीच कथा. आपली संपर्कसूची अ‍ॅपला देणारा माणूस स्वतःचा नव्हे, तर शेजाऱ्याचा, डॉक्टरांचा आणि मुलाच्या बाईंचा क्रमांक परस्पर देत असतो. क्रमांकावरून मित्र शोधण्याच्या अशाच सोयीचा गैरवापर होऊन गोळा झालेली, १०६ देशांतील ५३ कोटींहून अधिक लोकांची माहिती एप्रिल २०२१ मध्ये महाजालावर फुकट पसरली. आयर्लंडच्या नियामकाने पुढच्या वर्षी कंपनीला २६.५ कोटी युरोंचा दंड केला. मात्र पसरलेले क्रमांक परत येत नसतात. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप यांना भ्रमणध्वनीतील संपर्कसूची किती उघडी आहे, हे फोनच्या सेटिंगमध्ये पाहून ठेवणे म्हणूनच शेजारधर्मच होय.

आणि हेही स्पष्ट समजून घ्यावे की, ही सारी दारे शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी आहेत. घर बांधणारा आतच असतो. खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले दूरध्वनी क्रमांक फेसबुकने जाहिरातींसाठी वापरले, हा २०१९ मधील आरोपांपैकी एक होता. त्या प्रकरणात कंपनीने ५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. जी गोष्ट कंपनीलाही कळू नये असे वाटते, ती कोणत्याही सेटिंगच्या भरवशावर तेथे ठेवू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटी, शाळा, नातेवाईक यांचे गट असतात आणि सामान्य गटातील प्रत्येकाला प्रत्येकाचा क्रमांक दिसतो. आपल्याला गटात कोणी ओढावे हे ठरविण्याची सोय एप्रिल २०१९ पासून आहे. ती ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर ठेवावी आणि छायाचित्रही तेवढ्यांनाच दिसेल असे करावे.

मुलांचा विषय मात्र असा उरकता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळण्याजोगी संमती आवश्यक ठरविली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतील अशी त्यांची रचना आहे. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांची खाती आपोआप खाजगी करण्यास आरंभ केला. पण ज्या पालकांची संमती कायदा मागतो, तेच पालक शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशातील मुलीचे छायाचित्र नाव, तुकडी आणि बसच्या थांब्यासह जगजाहीर करीत असतील, तर कायद्याने कोणाला आवरावे? शाळेचे नाव दिसू न देता, आजीआजोबा आणि मावश्यांपुरते ते छायाचित्र ठेवले तर कौतुकात तसूभरही उणे पडत नाही. शिवाय दहाबारा वर्षांच्या मुलाला ‘हे टाकू का?’ असे विचारावे. त्याचे ‘नको’ हे उत्तरही ऐकावे.

एवढे करूनही कोणी आपल्या नावाने खाते उघडलेच, तर प्रथम सर्व परिचितांना कळवावे, त्या खात्याविरुद्ध त्याच माध्यमावर अनेकांनी तक्रार नोंदवावी आणि पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क आणि ६६-ड या कलमांखाली अशा तोतयेगिरीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

घरातील तरुण मंडळींना या साऱ्या कळी माहीत असतात, वडीलधाऱ्यांना कोणापुढे काय बोलावे ते माहीत असते. रविवारी सायंकाळी दोघांनी एकत्र बसले की अर्ध्या तासात काम होते. आरंभ ‘व्ह्यू अ‍ॅज’ या पर्यायापासून करावा. सप्टेंबर २०१८ मध्ये याच सोयीतील त्रुटींचा फायदा घेऊन खाती फोडली गेल्यामुळे तो काही काळ बंद होता. मे २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. प्रोफाइलवरील तीन टिंबांखाली तो सापडतो. तो दाबला की आपले खाते अनोळखी माणसाला जसे दिसते, तसे पडद्यावर येते. आजोबांच्या खात्यावर तो एकदा दाबून पाहावा आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आपल्या माजघरातले काय काय दिसते आहे, ते सर्वांनी मिळून वाचावे.